चहा की पाणी

"उभी राहा. हात मागे नको. पुढे घे, सगळ्यांना दिसू देत."

मी हात पुढे घेतले. ते थरथरत होते. वर्गातला एसी चालू होता आणि मला घाम फुटला होता.

असं म्हणणारे सर चाकणच्या एका मोठ्या कंपनीचे एचआर हेड. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. आमच्या विद्यापीठाच्या सल्लागार मंडळावरही ते होते. विद्यापीठ रावेतच्या पुढे, एक्स्प्रेसवेच्या अंगाला. मी तिथे एमबीए करत होते, विषय ह्यूमन रिसोर्स. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर कंपन्यांची बोधचिन्हं, वर्गांनासुद्धा कंपन्यांची नावं. 'इंडस्ट्री कनेक्ट' म्हटलं की प्राध्यापक मंडळी सावरून बसायची. शनिवारी कुणीतरी कंपनीतून येणार आणि माणसं कशी निवडायची ते आम्हाला शिकवणार. त्या शनिवारी हे सर मॉक इंटरव्ह्यू घ्यायला आले होते आणि उमेदवाराच्या खुर्चीत बसायला त्यांनी मला बोलावलं होतं.

मी पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं होतं. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी थांबवलं, उभं केलं आणि वर्गाला म्हणाले की ही कॅन्डिडेट आहे, हिच्याकडे नीट बघा आणि हिने न सांगितलेलं मला सांगा.

वर्ग सांगू लागला. केसांना तेल आहे. बूट नवे आहेत, मोजे शाळेतले आहेत. इंग्रजी पाठ केलंय. कुणीतरी मागून म्हणालं, घरात शिकलेलं कुणी नसणार. माझ्या बाकावर बसणारी मुलगी, जिला मी आदल्या परीक्षेला कामगार कायदे समजावून सांगितले होते, ती म्हणाली, "पॉलिश नाही, सर." सर प्रत्येकाला गुड म्हणत होते.

मी उभीच. बोलणं माझ्याबद्दल, माझ्यासमोर, आणि त्यात मला तोंड उघडायचं नाही. बाजारात शेळी बघतात तसं. तिचे तरी फक्त दात बघतात.

मग सर मराठीत आले. गाव कुठलं? परभणीकडचं. वडील काय करतात? भोसरीत फाउंड्रीत आहेत. त्यांनी माझं आडनाव दोनदा उच्चारून बघितलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लागलेलं. त्यावरून कुणाला काही पत्ता लागत नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि सहज विचारावं तसं विचारलं,

"कुलदैवत कुठलं तुमचं?"

मराठी माणसाला जात विचारायची असली की तो जात विचारत नाही. तो पाहुणे कुठले विचारतो, देवक विचारतो, कुलदैवत विचारतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. या प्रश्नाची मी जन्मभर वाट बघत होते आणि तरी उत्तर तयार नव्हतं.

"आमच्याकडे देवाचं फारसं करत नाहीत, सर."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. "म्हणजे मॉडर्न लोक तुम्ही." वर्ग हसला. काही जण जरा जास्तच हसले. आणि मीही हसले. त्या दिवसातलं बाकी काही मी एखाद वेळेस विसरेन, पण मीही हसले हे नाही विसरत.

निसटले, असं वाटलं मला. वाचले.

आमचं घर चिंचवडला, स्टेशनच्या मागच्या वस्तीत. दोन खोल्या, वर पत्रा, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो. वस्तीच्या तोंडाशी कमान, तिच्यावर निळा झेंडा. आमचा सगळ्यात मोठा सण म्हणजे एप्रिलमधली जयंती. त्या दिवशी आई पांढरी साडी नेसते, पुरणपोळी करते. दिवाळीला आमच्याकडे एवढं होत नाही.

विद्यापीठात गेल्यापासून हे सगळं मी पोटात घालून फिरत होते. कमानीच्या थांब्यावर मी उतरायची नाही, एक थांबा आधी उतरून चालत यायची, कारण त्याच बसला वर्गातली दोघं असायची. कुणी घरी सोडतो म्हणालं की मला मंडईत काम निघायचं. जयंतीचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायची नाही. गणपतीत मात्र मैत्रिणींच्या घरी आरतीला उभी राहायची आणि शब्द येत नाहीत म्हणून नुसते ओठ हलवायची.

घरात यावर कुणी काही बोलत नसे. बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते दिसत होतं. त्यांचंच बघून तर मी शिकले होते. बापू भोसरीच्या फाउंड्रीत लागले तेव्हापासून कॅन्टीनमध्ये कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून डबा खातात. लोकांना वाटतं, या माणसाला एकट्याने जेवायला आवडतं. कोणी शेजारी बसलं की गप्पा होतात, गप्पा झाल्या की पाहुणे कुठले ते निघतं. त्यापेक्षा भिंत बरी. घरी मात्र याच माणसाला गप्पांशिवाय घास उतरत नाही.

मॉक इंटरव्ह्यूनंतर महिनाभरात इंटर्नशिपची नावं लागली. सरांच्या कंपनीने आमच्या वर्गातून एकाच नावाला हो म्हटलं होतं. माझ्या.

सगळे चाट पडले. ज्यांचे काका-मामा मॅनेजर, ती मुलं बाजूला राहिली आणि पॉलिश नसलेली मी चाकणला निघाले. इंटर्नशिप नीट पार पडली की तिथेच नोकरी, असं विभागप्रमुख सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. बापूंना सांगितलं तेव्हा ते बाहेर जाऊन पावशेर पेढे घेऊन आले. मग मला जवळ बसवून हळू आवाजात म्हणाले, "माय, हातात कागद येईस्तोवर तोंड उघडू नको. कोणी काही विचारलं, तर हसायचं अन् कामाला लागायचं."

मी मान हलवली. नोकरी लागली तर बापूंना भट्टीपासून उठवता येणार होतं. त्यांना आताशा रात्रभर खोकला येतो.

चाकणच्या कंपनीत पहिल्या दिवशी फ्रंट ऑफिसच्या मॅडमनी मला बसवून घेतलं. चाळिशीच्या, हसऱ्या, बोलक्या बाई. बसचा त्रास झाला का, जेवण कुठे करणार, असं मायेने विचारत होत्या. मग सरांच्या केबिनचं दार उघडून त्यांनी विचारलं, "सर, आपली इंटर्न आलीये. पाणी आणू का?" सर म्हणाले, आणा. मॅडमनी काचेच्या ग्लासात गार पाणी आणलं. मला इतकी तहान लागली होती की मी एका दमात प्यायले आणि दोनदा थँक यू म्हणाले.

त्यानंतर मी मॅडमच्या शेजारी बसून काम बघायचं होतं. कंपनीत ट्रेनी भरती चालू होती. डिप्लोमा झालेली मुलं-मुली फाईल छातीशी धरून सोफ्यावर बसायची. मॅडम त्यांच्याशी गप्पा मारायच्या, घाबरू नका म्हणायच्या, डब्यातला चिवडा द्यायच्या. मुलं मोकळी व्हायची. मग मॅडम एकेकाला आत न्यायच्या. कधी दारातून विचारायच्या, चहा आणू का, सर. कधी विचारायच्या, पाणी आणू का. चहावाले बराच वेळ आत असायचे. पाणीवाले लवकर बाहेर यायचे, त्यांना "कळवतो" असं सांगितलेलं असायचं. मला वाटायचं, ज्यांचा इंटरव्ह्यू लांबणार त्यांना चहा देत असतील.

मॅडमच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या रजेवर जाणार होत्या आणि त्यांची जागा मी सांभाळायची होती. शेवटच्या दिवशी त्यांनी मला सगळं समजावलं. व्हिजिटरचा पास कसा काढायचा, सरांचा चहा बिनसाखरेचा. आणि मग, त्याच मायेच्या आवाजात:

"आलेल्यांशी दोन गप्पा मारायच्या. गाव कुठलं, पाहुणे कुठले, घरी सण कोणता मोठा. आपल्यातलं घर वाटलं तर सरांना विचारायचं, चहा आणू का. नाही वाटलं तर विचारायचं, पाणी आणू का. बास. बाकी सर बघतात. कुठे लिहायचं नाही की कुणाशी बोलायचं नाही."

मी विचारलं, आपल्यातलं म्हणजे?

मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुला कळतंय गं," म्हणाल्या.

मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि भिंतीला टेकले. मला फक्त तो ग्लास दिसत होता. पहिल्या दिवशीचा. गार पाण्याचा. मला चहा नव्हता आणला. पाणी आणलं होतं.

म्हणजे यांना माहीत आहे?

नाही, नसणार. उन्हाळा होता, बाहेरून आले होते, पाणीच विचारणार. माहीत असतं तर मॅडमनी ही गोष्ट मला कशाला सांगितली असती? आणि माहीत असतं तर मला घेतलंच कशाला असतं? मी नळ सोडून तोंडावर पाणी मारत राहिले आणि स्वतःला हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. आम्हाला शिकवलेला शब्द होता 'कल्चर फिट'. उमेदवार कंपनीच्या संस्कृतीत बसतो का, ते तपासणं. मी त्यावर चांगलं उत्तर लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

त्या संध्याकाळी चाकणच्या चौकात बसची वाट बघताना मला प्रत्येक माणूस माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं. घरी बापूंना सांगितलं नाही. जेवणही गेलं नाही. आईने नजर लागली असेल म्हणून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी विचार करत होते, उद्या जर मी सोफ्यावर बसलेल्याला विचारलं नाही तर सर विचारतील की का नाही विचारलं. आणि विचारलं तर काय करू?

दुसऱ्या दिवशी क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी एकच मुलगी आली. दोरखंडासारखी जाड वेणी, बाहीला इस्त्रीची घडी. परभणीचीच निघाली. पिंपरीला मावशीकडे राहत होती. मी गाव सांगताच तिचा चेहरा उजळला. मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागली. आयटीआय, मग डिप्लोमा, मग भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम. मापं घेणं तिच्या हातातलं होतं.

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण केबिनच्या काचेतून सर बघत होते. मी विचारलं. माझा आवाज मलाच मॅडमसारखा वाटला.

"घरी सण कोणता मोठा तुमच्याकडे?"

"जयंती," ती म्हणाली. पटकन. नाव-गाव सांगावं तसं. "आमच्या वस्तीत पोरींचं लेझीम मीच बसवते, ताई. यंदा तर मावशीपण नाचली."

आणि हसली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या तोंडावर भीतीचा लवलेश नव्हता. जे मी पोटात दाबून एक थांबा आधी उतरत होते, ते हिने एका अनोळखी बाईला सोफ्यावर बसून सांगून टाकलं होतं. मला तिचा राग आला. खरंच आला. बाई, गप्प बस ना, असं ओरडावंसं वाटलं. आणि त्याच्या मागोमाग माझी लाज वाटली, इतकी की कान गरम झाले.

मी उठले. केबिनचं दार उघडलं. सरांनी मान वर केली.

"सर," मी म्हणाले. "चहा आणू का?"

"आणा."

मी मुलीला आत नेलं आणि चहा ठेवून बाहेर आले. मुलगी आत बराच वेळ होती. काचेतून सर मान डोलावताना दिसत होते. एकदा त्यांनी तिला एक सुटा भाग हातात दिला, तिने तो उलटसुलट करून बघितला आणि काहीतरी सांगितलं, सर हसले. मी मनात म्हणत होते, झालं, होतंय, झालं.

मग सरांनी शेवटी काहीतरी विचारलं. नंतर कळलं, त्यांनी नेहमीचंच विचारलं होतं, सुट्ट्या फार लागतात का. ती म्हणाली होती, नाही सर, एप्रिलमध्ये जयंतीची एक द्या फक्त, बाकी दिवाळीलाही येईन.

सरांनी पेनाचं टोपण लावलं. मुलगी बाहेर आली. "कळवतो म्हणाले," मला म्हणाली. चेहरा अजून हसराच होता.

सरांनी मला आत बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत.

"चूक झाली की मुद्दाम केलंस?"

मी दाराची मूठ धरूनच उभी होते.

"चूक झाली असेल तर सांग. पहिलाच दिवस आहे. होतं." त्यांनी माझ्यासाठी वाट मोकळी ठेवली होती. एक शब्द म्हटला की मी सुटले. नोकरी, बापूंचा खोकला, पेढे, सगळं त्या एका शब्दाच्या पलीकडे.

मी तरी बोलले नाही. धैर्य वगैरे नव्हतं ते. जीभच उचलत नव्हती.

मग ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "तुला काय वाटलं, मला तुझं माहीत नाही? आमच्याकडे देवाचं फारसं करत नाहीत, हे उत्तर कुठल्या घरातून येतं एवढं नाही कळत मला? म्हणून तर घेतलं तुला. ही पोरं मॅडमशी गप्पा मारतात, पण घरचं जपून सांगतात. तुला मोकळेपणी सांगतील. आणि तू कुणाला सांगायची नाहीस, कारण तुला स्वतःलाच लपायचंय."

ते हे रागाने बोलले नाहीत. त्या शनिवारी वर्गात बोलत होते त्याच सुरात बोलले. पुढे म्हणाले की माझ्यावर त्यांचा काही राग नाही, पण एक आला की चार येतात, मग मंडळ काढतात, मग शॉप फ्लोअरवर शांतता राहत नाही. मी हुशार आहे. मी पुढे जाईन. फक्त डोकं शांत ठेवायचं.

मी ऐकत होते आणि अंगातून काहीतरी गळून पडत होतं. त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. वर्गात जास्त हसले त्यांनाही माहीत होतं. मग मी एक थांबा आधी उतरून कुणापासून लपत होते? ओठ हलवत आरतीला कशासाठी उभी होते? माझी भीती मला वाचवत नव्हती. ती त्यांच्या कामाची होती, तिच्यासाठीच त्यांनी मला घेतलं होतं. पगार द्यायचा तोही तिलाच देणार होते.

"मुद्दाम केलं, सर," मी म्हणाले.

आवाज बारीक होता, फाटलेला होता. पण तो माझा होता, मॅडमचा नव्हता.

मी गळ्यातला इंटर्नचा पास काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. आधी चालत, मग पळत. ती मुलगी गेटवर सही करून निघत होती. मी तिला रस्त्याच्या कडेला गाठलं. मोठे ट्रेलर अंगावरून जात होते, धूळ उडत होती, आणि मी तिला चहा आणि पाणी काय ते सांगितलं. तुला कळवणार नाहीत, हेही सांगितलं.

तिचं हसू गेलं. ते मी घालवलं, तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा मला तसंच वाटलं.

"ताई, तुम्ही पण आपल्यातल्या का?"

"हो."

चाकणमध्ये हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "मग मगाशी कामून नाही सांगितलं?"

तिने तिचा फोन नंबर दिला. लागलं तर मी सांगायला येईन, म्हणाली, आणि बसमध्ये चढली.

त्या दिवशी मी कमानीच्या थांब्यावर उतरले. बापूंना सगळं सांगितलं. मला वाटलं ते रागावतील. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "हे लोक लई मोठे असतात, माय. चिरडून टाकतील." आणि नंतर, माझ्याकडे न बघता, "मी बसलो भिंतीकडं तोंड करून. काय मिळालं? माझं पोरगं भीत भीत मोठं झालं."

रडले नाहीत. बाहेर जाऊन खोकत राहिले.

इंटर्नशिपचं सादरीकरण अजून बाकी होतं. वर्गासमोर, आणि बाहेरचे परीक्षक म्हणून तेच सर. इंडस्ट्री कनेक्ट म्हणतात ते हेच. ज्यांनी मला ठेवलं, तेच मला मार्क देणार. आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बसवलं. त्यांना सगळं कळलेलं होतं. ते म्हणाले की प्रकरण वाढवू नकोस, आजारी होते म्हण, आम्ही पास करून घेऊ. कंपनीने हात काढून घेतला तर तुझ्या वर्गातल्या मुलांच्या प्लेसमेंटचं काय, त्यांच्या आई-बापांचा विचार कर. पाण्याचा ग्लास त्यांनीच माझ्याकडे सरकवला. मी त्याला हात लावला नाही.

रात्री दोनदा उलटी झाली. खोटं कशाला सांगू. सकाळी कपडे घालताना बटणं लागत नव्हती, ती आईने लावली.

वर्ग तोच. खुर्ची तीच. सर समोर, हातात पेन. मी खुर्चीत बसले नाही, उभी राहिले. हात मागे नेले नाहीत. ते थरथरत होते आणि सगळ्यांना दिसत होते.

सर म्हणाले, "सुरुवात कर."

मी मराठीत सुरुवात केली. चिवड्याचा डबा. पाहुणे कुठले. चहा कुणाला, पाणी कुणाला. मला पहिल्या दिवशी काय आणलं ते. विभागप्रमुख म्हणाले, विषयाला धरून बोल. मी म्हणाले, विषय उमेदवार निवडीची पद्धत आहे, मी त्यालाच धरून आहे. मी त्या मुलीचं सांगितलं, तिने हातात घेऊन बघितलेल्या सुट्या भागाचं सांगितलं, एप्रिलमधल्या एका सुट्टीचं सांगितलं. शेवटी सरांकडे बघून म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही मला कुलदैवत विचारलं होतं. मी उत्तर चुकवलं होतं. आम्ही बौद्ध आहोत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी हसलं नाही. माझ्या बाकावरची मुलगी बाकाकडे बघत होती. सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि घड्याळ बघितलं.

माझा निकाल राखून ठेवलाय. संस्थेची बदनामी केली म्हणून माफीनामा लिहून द्यायला सांगितलंय. मी दिलेला नाही. उलट विद्यापीठाच्या समान संधी कक्षात तक्रार दिली आहे, तिच्यावर माझ्या सहीखाली त्या परभणीच्या मुलीची सही आहे. वर्गातली काही मुलं माझ्याशी बोलत नाहीत, माझ्यामुळे त्यांचं नुकसान होणार म्हणतात. अनोळखी नंबरचा फोन मी अजून उचलत नाही. बापू भट्टीवरच जातात. पण डबा आता टेबलावर बसून खातात. परवा शेजारच्याने पाहुणे विचारले, बापूंनी सांगितले. तो डबा उचलून दुसरीकडे गेला. बापू तिथेच बसून जेवले.

मागच्या आठवड्यात मी चाकणमध्येच दुसऱ्या एका कंपनीत नोकरीसाठी गेले होते. डिग्री नाही, तरी गेले. फ्रंट ऑफिसला एक हसऱ्या बाई होत्या. शेजारी बसल्या, बसचा त्रास झाला का म्हणाल्या. गाव विचारलं. आणि मग, मायेने, घरी सण कोणता मोठा ते विचारलं.

हात गार पडले. ही भीती जायची तेव्हा जाईल, ती जायची वाट बघत मी आता बसणार नाही.

"जयंती," मी म्हणाले. "आता आत जाऊन साहेबांना काय विचारणार? चहा आणू का पाणी?"

बाईंचं हसू थांबलं. सोफ्यावरची बाकीची मुलं माझ्याकडे बघायला लागली. त्यांना चहा-पाणी काय ते माहीत नव्हतं. मी ते त्यांना सांगायला सुरुवात केली, मोठ्याने, आतल्या केबिनपर्यंत जाईल अशा आवाजात. बाई म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर थांबा.

मी थांबले नाही बाहेर. सोफ्यावरून उठले नाही. यापुढे जिथे जिथे हा प्रश्न येईल तिथे मी उत्तर देणार, उलट विचारणार, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत उठणार नाही.